'हेस्टर स्ट्रीट': प्रेमाचा हिशेब आणि तो चुकता करणारे

न्यूयॉर्कच्या एका गजबजलेल्या रस्त्यावरून एक जोडपे लग्नाची नोंद करण्यासाठी निघाले आहे. दिवस आनंदाचा, पण गाडीभाड्याचे पैसे वाचवावेत म्हणून दोघांनी पायी जायचे ठरविले आहे. कारण सरळ आहे. वधूची आजवरची सारी शिल्लक वराला त्याच्या पहिल्या बायकोपासून मोकळे करण्यात संपली आहे. त्याच वेळी त्याच वस्तीतून ती पहिली बायको आपल्या लहान मुलासह आणि होऊ घातलेल्या दुसऱ्या नवऱ्यासह चालली आहे, आणि त्यांच्या बोलण्यात विषय आहे तो किराणा मालाच्या दुकानाचा. त्या दुकानाला लागणारे भांडवल कोठून आले, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. या दोन जोडप्यांना शेजारी शेजारी दाखवून 'हेस्टर स्ट्रीट' हा चित्रपट संपतो. चित्रगृहात या वेळी हसू उमटते, यात शंका नाही. पण हे हसू ओठांवर फार वेळ टिकत नाही.

जोन मिक्लिन सिल्व्हर या दिग्दर्शिकेचा हा पहिला कथाचित्रपट 1975 साली प्रदर्शित झाला. त्याला आता अर्धशतक लोटले. कृष्णधवल, दीड तासाचा, बहुतांश संवाद यिद्दिश भाषेत आणि खाली इंग्रजी उपशीर्षके, असा हा चित्रपट. नामांकित नटनटी नाहीत, भव्य दृश्ये नाहीत. 1896 च्या सुमारास पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासितांच्या वस्तीत एका संसाराची झालेली मोडतोड, एवढाच त्याचा विषय. या चित्रपटाविषयी जे लिहिले गेले, त्यात एक सूत्र पुनःपुन्हा येते: परंपरा विरुद्ध आधुनिकता, जुना देश विरुद्ध नवा देश. हे सूत्र खोटे नाही. पण ते अपुरे आहे. जुने सोडावे की धरावे, या प्रश्नापेक्षा या चित्रपटाला अधिक रस दुसऱ्या एका प्रश्नात आहे. एक माणूस 'नवा' होतो तेव्हा त्या नवेपणाचा खर्च कोणाच्या नावावर पडतो, हा तो प्रश्न. सिल्व्हरबाईंनी त्याचे उत्तर विनोदाच्या अंगाने दिले आणि म्हणूनच ते इतके बोचरे झाले.

या कथेची पार्श्वभूमी थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. 1881 साली रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली. तिचा सूड निरपराध ज्यू वस्त्यांवर उगवला गेला. पाठोपाठ 1882 मध्ये ज्यूंच्या वास्तव्यावर आणि व्यवसायावर नवे निर्बंध आले. दारिद्र्य तर आधीपासूनच होते. पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंतच्या तेहतीस वर्षांत पूर्व युरोपातून सुमारे 20 लाख ज्यू अमेरिकेत उतरले. त्यांतील पुष्कळसे न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या भागातच राहिले, आणि हेस्टर स्ट्रीट हा त्या भागातला फेरीवाल्यांच्या हातगाड्यांनी भरलेला बाजाररस्ता. स्थलांतराची रीत बहुधा ठरलेली असे. आधी पुरुष जाई, काही वर्षे कमवी आणि मग बायकामुलांसाठी आगबोटीचे तिकीट पाठवी. या मधल्या वर्षांत पुरुष एका शतकातून दुसऱ्या शतकात गेलेला असे आणि बायको होती तेथेच असे. दोघांत जे अंतर पडे ते केवळ महासागराचे नव्हते.

'हेस्टर स्ट्रीट'चा नायक येकल हा अशा पुरुषांपैकी एक. अमेरिकेत त्याने 'जेक' हे नाव घेतले आहे, दाढी उतरवली आहे, डोक्यावर ऐटबाज टोपी चढवली आहे. आपण 'यांकी' झालो, याचा त्याला मोठा अभिमान. दिवसा तो कपडे शिवण्याच्या एका लहानशा कारखान्यात यंत्रावर बसतो आणि संध्याकाळी नृत्यशाळेत जातो. तेथे त्याची मेमी फाइन या कमावत्या, चटपटीत तरुणीशी ओळख वाढते. आपले लग्न झाले आहे, मुलगा आहे, हे त्याने तिला सांगितलेले नाही. अशात गावाकडून वडिलांच्या मृत्यूची बातमी येते. आता बायकोमुलाला बोलावून घेणे भाग पडते. बिऱ्हाड मांडायला पैसे हवेत, आणि ते जेक मेमीकडूनच उसने घेतो. खरे कारण अर्थात दडवून. पुढील साऱ्या उलाढालीचे बीज या उसनवारीत आहे. गिटलचा अमेरिकेतला संसार पहिल्या दिवसापासून मेमीच्या पैशावर उभा राहिलेला आहे आणि हे त्या दोघींपैकी एकीलाही ठाऊक नाही.

शिवणकामाच्या या कारखान्यांची घडण ध्यानात घेतल्याशिवाय जेकचा तोरा कळत नाही. मोठा उत्पादक कापड बेतून गठ्ठे एका कंत्राटदाराच्या हवाली करी. कंत्राटदार हाही कालपरवाचाच निर्वासित. तो चाळीतल्या एखाद्या खोलीत चारदोन यंत्रे मांडी आणि आपल्याच गाववाल्यांना कामाला लावी. मजुरी बहुधा नगावर. हंगाम असला की पहाटेपासून रात्रीपर्यंत काम, हंगाम सरला की आठवडेच्या आठवडे रिकामे. कंत्राटदारांची आपापसात इतकी चढाओढ असे की प्रत्येकाने दर आणखी खाली आणावा आणि ती तूट कामगाराच्या घामातून भरून काढावी. इंग्रजीत या पद्धतीला घामाचेच नाव पडले ते काही उगीच नव्हे. अशा खोलीत दिवसभर वाकून बसणाऱ्या माणसाला संध्याकाळी नृत्यशाळेतली गुळगुळीत जमीन हे स्वातंत्र्याचे प्रतीक वाटले, तर त्याला हसणे सोपे आहे. समजून घेणे थोडे कठीण. दिग्दर्शिका त्याला हसते, पण त्याचा तिरस्कार करीत नाही.

याच कारखान्यात बर्नस्टाइन नावाचा एक विद्वान यंत्र चालवतो. मायदेशी त्याने धर्मग्रंथांचे अध्ययन केले; येथे तो बाह्या जोडतो. कारखान्याचा मालक पूर्वी फेरीवाला होता, आणि पूर्वीचा फेरीवाला आज मालक झाला व पूर्वीचा पंडित त्याच्या हाताखाली आला, या गोष्टीची आठवण तो मोठ्या चवीने करून देतो. प्रसंग विनोदी आहे. पण त्यामागचे अर्थकारण गंभीर आहे. पूर्व युरोपातील ज्यू समाजात विद्या हेच भांडवल होते. सधन सासरा विद्वान जावई शोधी, लग्नानंतर काही वर्षे त्याला घरी ठेवून पोशी आणि त्याच्या अध्ययनात स्वतःची प्रतिष्ठा पाही. विवाहाच्या बाजारात या नाण्याला सर्वांत मोठा भाव होता. अटलांटिक ओलांडताच त्या नाण्याचे एका रात्रीत अवमूल्यन झाले. नव्या देशात चालणारे नाणे वेगळे होते: तडफ, जुजबी इंग्रजी, झटपट हात आणि थोडा निर्लज्जपणा. जेकपाशी ही सारी नाणी होती. बर्नस्टाइनपाशी एकही नव्हते.

आणि गिटल? ती उतरते तेव्हा तिच्यापाशी तर काहीच नसते. डोक्यावर विवाहित स्त्रीने घालावयाचा केसांचा टोप, हातात बोचके, सोबत छोटा योसेले. दाढी उतरवलेला नवरा तिला एखाद्या सरदारासारखा परका वाटतो. नवऱ्याला ती डोळ्यांसमोर नकोशी होते. मुलाचे नाव 'जोई' होते, त्याच्या कानांवरच्या बटा बापाच्या कात्रीखाली जातात आणि आईला विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. पोराला दृष्ट लागू नये म्हणून तिने त्याच्या खिशात मीठ ठेवले, तर त्यावरूनही तिची टर उडते. कॅरोल केन या अभिनेत्रीने ही भूमिका केली आहे, आणि तिचा मोठेपणा असा की गिटलचे भय, गोंधळ आणि हळूहळू जागी होणारी समज ही सारी तिने जवळजवळ न बोलता उभी केली. मोठ्या डोळ्यांची ही कृश मुलगी प्रथम दर्शनी कीव करण्याजोगी वाटते. पण ती प्रत्येक गोष्ट पाहत असते.

शेजारच्या कॅव्हार्स्कीबाई या खाष्ट पण मायाळू. डॉरिस रॉबर्ट्स यांनी त्यांना असे काही रंगवले आहे की मराठी प्रेक्षकाला चाळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या शेजारणीची हटकून आठवण व्हावी. नवऱ्याचे मन जिंकायचे तर अमेरिकन बाईसारखे दिसले पाहिजे, असा त्यांचा सिद्धान्त. त्या गिटलच्या कमरेला कासणीचे बंद आवळतात आणि तिला डोक्यावरचा टोप काढावयास लावतात. गिटल आपल्या स्वतःच्या केसांनी नवऱ्यासमोर उभी राहते. तो केस पाहतो, हाही एखादा नवा टोपच असला पाहिजे असे समजून हिसडा मारतो, आणि ती कळवळते. प्रेक्षकांतले हसू येथे एकदम थांबते. जिला 'बदल, बदल' म्हणून जन्म नकोसा केला, ती खरोखर बदलली तेव्हा ती खरी आहे हेच नवऱ्याला ओळखता आले नाही.

भाडे परवडावे म्हणून बिऱ्हाडात एखादा भाडोत्री ठेवण्याची त्या वस्तीत सर्रास चाल होती. जेकच्या घरचा भाडोत्री म्हणजे बर्नस्टाइन. तो छोट्या योसेलेला अक्षरे शिकवतो, रात्री पुस्तक घेऊन बसतो आणि गिटलशी अदबीने बोलतो. या दोघांत प्रेम जुळते असे म्हणताना शब्द जरा मोठा वाटतो. एक माणूस दुसऱ्याला तुच्छ लेखीत नाही, एवढेच तेथे घडते. पण त्या घरात तेवढेही नवलाचे होते.

चित्रपटाचा गाभा मात्र यापुढे आहे. जेकला सोडचिठ्ठी हवी असते. मेमीला तो हवा असतो आणि मेमीपाशी साठवलेले पैसे असतात. एक वकील गिटलकडे बोलणी करण्यास येतो. तो एक आकडा सांगतो. गिटल गप्प. तिला कमी वाटले असावे असे समजून तो आकडा वाढवतो. गिटल गप्पच. तो आणखी वाढवतो. अशा रीतीने एक अक्षर न उच्चारता ही 'अडाणी' बाई मेमीची जवळजवळ सारी पुंजी स्वतःकडे ओढून घेते. वाटाघाटीच्या शास्त्रावर पुढील काळात जे मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले, त्यांतील एक मूलभूत नियम या दृश्यात मूर्तिमंत झाला आहे. ज्याला घाई असते तो किंमत देतो. ज्याला थांबता येते तो किंमत घेतो. जन्मभर थांबण्याचेच शिक्षण मिळालेल्या बाईने त्या शिक्षणाचा असा उपयोग करावा, यातली गंमत आणि व्यथा या दोन्ही वेगळ्या काढून दाखवता येत नाहीत.

परंतु गिटलला गप्प राहण्याची ताकद कोठून आली? केवळ स्वभावातून नव्हे. ज्यू धर्मशास्त्रानुसार विवाह मोडण्यासाठी नवऱ्याने बायकोच्या हाती 'गेट' नावाचे लेखी घटस्फोटपत्र द्यावे लागते. मूळ नियमात बायकोची इच्छा विचारण्याचे कारण नव्हते. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी जर्मनीतील माइन्झचे रब्बी गेर्शोम यांच्या नावाने दोन निर्बंध प्रसृत झाले: पुरुषाने एकाहून अधिक बायका करू नयेत, आणि बायकोच्या संमतीवाचून तिला घटस्फोट देऊ नये. युरोपातील ज्यू समाजाने हे निर्बंध स्वीकारले. म्हणजे ज्या परंपरेने गिटलच्या डोक्यावर टोप चढवला, त्याच परंपरेने तिच्या हातात नकाराधिकारही ठेवला होता. जेकने परंपरा झुगारली खरी, पण बायकोपासून सुटण्यासाठी त्याला त्याच परंपरेच्या दारात यावे लागले. तेथे गिटलचे 'होय' ही विकत घ्यावयाची वस्तू ठरली, आणि पुरवठादार एकच होता. परंपरा म्हणजे स्त्रीचा केवळ तुरुंग आणि आधुनिकता म्हणजे केवळ सुटका, असे मानणाऱ्यांनी हे दृश्य पुन्हा पाहावे. त्याचबरोबर परंपरेच्या अभिमान्यांनी पुढचे दृश्यही पाहावे. रब्बी, लेखनिक आणि साक्षीदार यांच्या समोर गिटल ओंजळ पुढे करून उभी आहे आणि नवरा तिच्या ओंजळीत तो कागद टाकतो. मग रब्बी दोघांना सांगतात की पुरुषाला आजच लग्न करता येईल. स्त्रीने मात्र एक्क्याण्णव दिवस थांबावयाचे. पोटातले मूल कोणाचे, हा संशय राहू नये म्हणून ही मुदत. नियमाचे कारण समजते. पण आजच आणि एक्क्याण्णव दिवस, हे दोन शब्द एकाच दमात ऐकताना जे वाटायचे ते वाटतेच.

न्यूयॉर्क राज्यात त्या काळी दिवाणी घटस्फोट केवळ व्यभिचाराच्या कारणावरून मिळत असे आणि रब्बीच्या कागदाला न्यायालयात मोल नव्हते. या गुंत्यात चित्रपट शिरत नाही. कथेच्या दृष्टीने ते ठीकच झाले.

गिटलचा विजय हा मात्र अपवाद आहे, ही गोष्ट चित्रपटाच्या गोडव्यात विसरली जाण्याचा धोका आहे. येथे घाई पुरुषाला होती म्हणून बाजी तिच्याकडे आली. घाई स्त्रीला असेल तर हाच कायदा उलट्या दिशेने चालतो. नवऱ्याने 'गेट' दिलेच नाही, किंवा तो बेपत्ता झाला, तर स्त्री 'अगुना' म्हणजे बांधलेली राहते. ना धड सधवा, ना मोकळी. त्या स्थितीत दुसऱ्या पुरुषापासून तिला मूल झाले तर त्या मुलावर धर्मशास्त्राचा असा कलंक बसतो की सर्वसामान्य ज्यूशी त्याचे लग्न होऊ शकत नाही. पुरुषाच्या बाबतीत परिणाम इतके कठोर नाहीत. स्थलांतराच्या त्या काळात बायकामुलांना वाऱ्यावर सोडून दुसऱ्या शहरात नाहीसे होणाऱ्या नवऱ्यांची संख्या इतकी वाढली की न्यूयॉर्कच्या 'फोरव्हर्ट्स' या यिद्दिश दैनिकाने त्यांची छायाचित्रे छापण्यास सुरुवात केली, आणि 1911 साली अशा नवऱ्यांचा शोध घेण्यासाठी ज्यू समाजाला एक स्वतंत्र संस्थाच काढावी लागली. जेक पळून गेला नाही. त्याने निदान किंमत तरी मोजली. अर्थात दुसरीच्या पैशाने.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. 1983 मध्ये न्यूयॉर्क राज्याने असा कायदा केला की दिवाणी घटस्फोट मागणाऱ्याने, जोडीदाराच्या पुनर्विवाहातील धार्मिक अडथळे आपल्या परीने दूर केल्याचे आधी लिहून द्यावे. इस्राएलमध्ये ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट धार्मिक न्यायालयांच्या कक्षेत येतात. तेथे 1995 च्या कायद्याने आदेश धुडकावणाऱ्या नवऱ्याचा वाहन परवाना रोखण्यापासून त्याला तुरुंगात टाकण्यापर्यंतचे अधिकार न्यायालयांना दिले. एवढे करूनही नवऱ्याचा हट्ट मोडतोच असे नाही. आणि या कायद्याची झळ मराठी बोलणाऱ्या माणसांनाही लागलेली आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेलेले बेने इस्राएल लोक 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. तेथे 1960 नंतरच्या काही वर्षांत मुख्य रब्बींनी त्यांच्या इतर ज्यूंशी होणाऱ्या विवाहांबद्दल शंका काढली. शतकानुशतके जगापासून अलग राहिलेल्या या समाजात घटस्फोटाचे नियम शास्त्राप्रमाणे पाळले गेले होते का, ही त्यातली एक शंका. म्हणजे कोकणातल्या कुठल्या तरी पणजीला योग्य तो कागद मिळाला होता की नाही, यावर तिच्या पणतूचे लग्न अडले. या लोकांनी जेरुसलेमला धरणे धरले, आणि 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला. हेस्टर स्ट्रीटवरच्या त्या ओंजळीचे महत्त्व या मंडळींना कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

चित्रपटाचा आधार म्हणजे अब्राहम कहान यांची 1896 साली प्रसिद्ध झालेली 'येकल' ही छोटी इंग्रजी कादंबरी. कहान 1882 मध्ये रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आले, समाजवादी झाले आणि पुढे अनेक दशके 'फोरव्हर्ट्स'चे संपादक राहिले. 1906 पासून त्यांनी वाचकांच्या खाजगी अडचणींची पत्रे व त्यांना उत्तरे छापण्याचे सदर चालवले. त्यात प्रेम, लग्न, परागंदा नवरे, पोटापाण्याची ओढाताण, सारे काही आले. माणसांच्या संसाराचा असा जमाखर्च जवळून पाहणाऱ्या लेखकाची ही सुरुवातीची कृती आहे. पण तिचे नाव नायकावरून आहे, आणि तिचा शेवटही नायकापाशी होतो. नव्या लग्नाला गाडीतून निघालेला जेक मनातून हरलेला असतो. हा प्रवास कधी संपूच नये असे त्याला वाटते. सिल्व्हरबाईंनी नाव बदलले, केंद्र बदलले, कथा जेककडून काढून गिटलकडे दिली. आणि जेकला गाडीतून उतरवून पायी चालवले. मूळ कृतीवर टीका न करता तिच्यावर केलेले हे सर्वांत मार्मिक भाष्य म्हणावे लागेल.

या चित्रपटाच्या निर्मितीची हकीकतही त्याच्या कथेला साजेशी आहे. स्त्री दिग्दर्शक ही आधीच खर्चीक असलेल्या धंद्यातली आणखी एक कटकट आहे, अशा अर्थाचे उत्तर सिल्व्हरबाईंना एका मोठ्या चित्रसंस्थेच्या अधिकाऱ्याकडून मिळाले होते. त्यात संवाद यिद्दिश, चित्रीकरण कृष्णधवल, नायिका टोप घातलेली. पैसा कोण घालणार? अखेर त्यांचे पती रॅफेल सिल्व्हर, जे इमारतींच्या व्यवसायात होते, त्यांनी भांडवल उभे केले. न्यूयॉर्कच्याच ग्रिनिच व्हिलेज भागातील एक रस्ता सजवून त्याचा हेस्टर स्ट्रीट केला गेला. एकंदर खर्च चार लाख डॉलरच्या आत राहिला. हॉलिवूडच्या मानाने ही रक्कम नगण्यच. वितरक मिळेना, तेव्हा वितरणही पती-पत्नींनीच अंगावर घेतले. चित्रपटाने खर्चाच्या कितीतरी पट कमाई केली, कॅरोल केन यांना उत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्कर पारितोषिकासाठी नामांकन मिळाले, आणि 2011 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. सिल्व्हरबाई 2020 च्या अखेरच्या दिवशी निवर्तल्या. 1988 च्या 'क्रॉसिंग डिलान्सी' या चित्रपटात त्या पुन्हा याच वस्तीकडे वळल्या होत्या; तेथे आजीने जमवू पाहिलेले स्थळ लोणचेविक्याचे असते आणि नात पुस्तकांच्या दुकानात काम करणारी. तो चित्रपट अधिक हसरा आहे, अधिक लोकप्रियही झाला. पण त्यातल्या कोणाला गाडीभाड्याचा विचार करावा लागत नाही.

'हेस्टर स्ट्रीट'वर एक आक्षेप मात्र घेतलाच पाहिजे. गिटलविषयीच्या जिव्हाळ्यापोटी चित्रपट मेमीला न्याय देत नाही. तिचे भडक कपडे, तिचे मोडके इंग्रजी, तिचा ठसका यांवर प्रेक्षकाने हसावे अशीच योजना आहे. परंतु थोडे थांबून पाहिले तर या साऱ्या प्रकरणात खोटे न बोललेली व्यक्ती तीच. जेकचे लग्न झाले आहे हे तिला माहीत नव्हते. तिने पैसे उसने दिले ते विश्वासाने. ज्या काळात कामगार स्त्रीला पुरुषापेक्षा कमी मजुरी मिळे आणि हंगाम संपला की तीही मिळत नसे, त्या काळात एका एकट्या मुलीने डॉलरमागून डॉलर बाजूला टाकले. ही पुंजी म्हणजे आजारपणाचा आधार, बेकारीतले भाडे, आणि नको त्या माणसाशी लग्न न करण्याचे स्वातंत्र्य. तेच स्वातंत्र्य मोडून तिने जेक विकत घेतला. आपण काय गमावले हे तिला दुकानाची स्वप्ने पाहणाऱ्या गिटलपेक्षा नक्कीच अधिक कळत असले पाहिजे. गिटलला तिच्या अपमानाची भरपाई मिळाली ही समाधानाची बाब खरी. पण ती भरपाई अपमान करणाऱ्याच्या खिशातून आलेली नाही. जेकने या सबंध व्यवहारात स्वतःचे म्हणून काहीच घातलेले नाही. एका बाईची वर्षे त्याने वाया घालवली, दुसरीची शिल्लक संपवली.

म्हणूनच शेवटच्या दृश्यात चालणाऱ्या त्या दोन जोडप्यांपैकी प्रेक्षकाची नजर साहजिकच गिटलच्या मागे जात असली, तरी ती थोडा वेळ मेमीवरही ठेवावी. लग्नाच्या दिवशीचा तिचा पोशाख चांगला आहे, चालही झपाट्याची आहे, आणि सोमवारी तिला पुन्हा कामावर जावे लागणार आहे.